माफीचा बॉल

"सर, तुम्ही जपानात एकूण किती बॅटर आउट केले?"

विचारलं मी, पण प्रश्न माझा नव्हता. शाळेच्या बेसबॉल टीममधल्या निकहत आणि प्रांजूनं मला भरीला घातलं होतं. विचारलं तर आठवडाभर माझी किटबॅग त्या दोघी उचलणार आणि हिंमत झाली नाही तर शाळेत मला 'एक्सप्रेस' म्हणतात त्याचं 'पॅसेंजर' होणार. आता नववीतल्या पिचरला कोणी पॅसेंजर म्हणणार म्हटल्यावर मी गप्प बसते का?

निंभोरकर सर मैदानाच्या कडेला मांडी घालून दाभणानं एक उसवलेला बॉल शिवत होते.

"एकही नाही," सर म्हणाले आणि त्यांनी दातानं दोरा तोडला.

आम्ही तिघी खिदळलो. मग पाहिलं तर सर हसत नव्हते.

"म्हणजे मोजले नाहीत, असं का सर?" प्रांजूनं विचारलं.

"मोजायला एक तरी पाहिजे नं, ढोक." सर सगळ्यांना आडनावानंच हाक मारायचे. "चला, उठा. सहा चकरा."

सहा चकरा आम्ही कशा मारल्या ते आम्हालाच ठाऊक. पाय मैदानावर आणि डोकं जपानात. आमच्या अंजनगावच्या शाळेच्या फाटकावर हा एवढा मोठा फलक होता: 'जपानमधील नामवंत व्यावसायिक पिचर श्री. गजेंद्र निंभोरकर यांचे मार्गदर्शन'. सर कॉलेजात भालाफेक करायचे. अमरावतीला आलेल्या कोण्या जपानी माणसानं त्यांचा हात पाहिला आणि त्यांना तिकडच्या एका व्यावसायिक बेसबॉल क्लबात नेलं. सात वर्षं होते तिथं. परत आले तेव्हा बस स्टँडपासून घरापर्यंत बँड लावून मिरवणूक काढली होती म्हणे. बेसबॉलमध्ये पिचरचं काम एकच, समोरच्या बॅटरला बॉल मारू द्यायचा नाही. तीनदा चुकवला की तो आउट. सात वर्षांत एकही नाही, म्हणजे मग हा माणूस तिथं करत काय होता?

"भांडे घासत असतीन," प्रांजू धापा टाकत म्हणाली. "माझे काका म्हनतेत, बाहेरदेशी जाऊन सगळे तेच करतेत."

"तोंड सांभाळ वं," निकहत म्हणाली. ती आमची कॅचर. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागं उकिडवं बसून माझे बॉल झेलणारी. "भांडे घासनाऱ्याचा हात असा असते का? सर झोपेत टाकतीन तरी बॉल माझ्या ग्लव्हमधीच येईन."

"मग एकही आउट काहून नाही?"

 याचं उत्तर मला हवंच होतं, कारण माझं सगळं त्यावर अडलं होतं.

हे सांगायलाच पाहिजे. सातवीत मी अशी मुलगी होते, की वर्गात 'हजर' म्हटलं तरी बाई गैरहजेरी लावायच्या, इतका माझा आवाज बारीक. मोठं मैदान मुलांच्या क्रिकेटनं अडवलं होतं, म्हणून शाळेनं मुलींना मागचं मैदान आणि बेसबॉल दिला. सरांनी माझ्या हातात बॉल ठेवला आणि म्हणाले, "तायडे, टाक." मी टाकला. तो जाळी फाडून पलीकडच्या सायकल स्टँडवर गेला. त्या दिवसापासून माझा आवाज जो वाढला तो आजतागायत कमी झालेला नाही, हे आई तुम्हाला सांगेल. आता मी नववीत होते आणि अमरावतीची विभागीय निवड चाचणी बाराच दिवसांवर आली होती. तिथं जी पिचर निवडली जाईल तिला पुण्याच्या निवासी क्रीडा शाळेत जागा मिळणार होती. राहणं, शिकणं, खेळणं सगळं तिथंच. फक्त आईबाबांची संमतीपत्रावर सही हवी.

बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांची सही पेनाच्या टोकावरच बसलेली होती. "जपानात सात वर्षं खेळलेला मानूस म्हनते, पोरीच्या हातात दम हाये. मंग आपन कोन नाही म्हननारे?"

आईची पिठाची गिरणी. ती पट्टा चढवता चढवता म्हणाली, "जपानचं मले काय मालूम? पोरगी पुण्याले एकटी राहीन, हे मालूम हाये."

"अवं, पन सर..."

"सरच्या भरवशावरच तर विचार करून रायली. नाहीतर विचारबी केला नसता."

म्हणजे झालं! अख्खी पुण्याची गाडी एका सरांवर उभी, आणि सर म्हणतात एकही नाही. मी घरी काही बोलले नाही. खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "आज सरांनी काय शिकवलं?" तर मी म्हणाले, "चकरा."

दुसऱ्या दिवसापासून सरांनी जे सुरू केलं त्यानं माझं डोकं आणखीच फिरलं.

"तायडे, आजपासून तू बाकीच्या मुलींना बॅटिंगचा सराव द्यायचा. जोर लावायचा नाही. प्रत्येक मुलगी आधी सांगेल तिला बॉल कुठं पाहिजे. छातीशी, गुडघ्याशी, बाहेर, आत. तिथंच टाकायचा."

"पण सर, मला तर त्यांना आउट करायचं आहे."

"आधी जिथं सांगितलं तिथं टाक."

"आणि नाही गेला तिथं तर?"

"तर टोपी काढायची, वाकायचं आणि माफी मागायची. चूक बॅटरची नाही, तुझी."

सगळ्या मुली फिसकन हसल्या. मला वाटलं सर गंमत करतात. पण ते स्वतः जागेवर उभे राहिले आणि टोपी काढून कमरेतून असे वाकले, की हसणं आपोआप थांबलं. ते वाकणं शिकवण्यासाठी केलेलं नव्हतं. अंगवळणी पडलेलं होतं.

मग काय! बारा दिवस मी नुसती वाढपी झाले. पंगतीत कसं, कोणाला भात हवा, कोणाला वरण. "श्राऊ, मले जरा वर दे नं." "श्रावस्ती, माझा आत आला, काढ टोपी!" प्रांजूला तर फार मजा यायची. बॅट हवेत फिरली, की ती खांद्यावर टाकून म्हणायची, "दोन बोटं खाली होता. वाक."

"तुझ्या लग्नात वाकीन," मी दात खाऊन म्हणायचे आणि वाकायचे.

सहाव्या दिवशी मी चिडून एक बॉल जीव खाऊन टाकला. पूर्वीसारखा, सूंऽ करत. प्रांजूच्या बॅटला वारासुद्धा लागला नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वळून पाहिलं तर सरांचा चेहरा पांढरा पडलेला. राग नव्हता. घाबरल्यासारखे दिसत होते.

"असं करू नको," एवढंच म्हणाले. "तिनं बाहेर मागितला होता. माफी माग."

"सर, पिचरनं बॅटरची माफी मागायची असते का?"

"माग म्हटलं नं."

मी मागितली. पण त्या संध्याकाळी निकहतच्या सायकलवर मागं बसून मी म्हणाले, "सर मला बिघडवून रायले, निकू. चाचणी सहा दिवसांवर आली आणि माझा हात कारकुनासारखा झाला. सांगाल तिथं सही."

"एक गोष्ट सांगू?" निकहत पायडल मारत म्हणाली. "मले आता डोळे मिटून तुझा बॉल झेलता येते."

"त्याचा काय उपयोग? प्रांजूलेबी मारता येते."

यावर तिनं नुसती घंटी वाजवली. मी पुन्हा गोंधळात.

चाचणीच्या दिवशी अमरावतीच्या मैदानावर पाच जिल्ह्यांच्या मुली होत्या. बाबांनी रजा टाकली होती आणि डेपोतल्या दोन मित्रांनाही आणलं होतं, पोरीचा खेळ दाखवायला. हेडसर कडक इस्त्रीत. प्रत्येक पिचरला नऊ बॅटर मिळणार, कॅचर आपापली, त्यातून निवड. माझा नंबर चौथा.

काय सांगू! पहिली बॅटर आली, अकोल्याची. तिनं बॅट धरली, कोपर थोडं वर घेतलं, आणि मला कळलं. हिला छातीशी हवा. तिनं सांगितलं नव्हतं, पण बारा दिवस लोकांच्या मागण्या ऐकून ऐकून मला नुसतं कोपर पाहून ऐकू येत होतं. आणि माझ्या मेल्या हातानं तो बॉल नेमका छातीशी नेऊन ठेवला! तिनं असा हाणला की तो कुंपणाला लागला. दुसरीचे पाय पसरलेले, तिला खाली हवा होता. दिला. तिसरीला बाहेर. दिला. चौथीलाही दिला. चार बॅटर, चार फटके. मला माझा हात थांबवताच येईना. मागून बाबांचे मित्र टाळ्या वाजवत होते, बिचाऱ्यांना वाटत होतं की जेवढे जोरात फटके तेवढी मी भारी.

पाचवी बॅटर यवतमाळची, डावखुरी. तिला बॉल बाहेर हवा होता, हात मोकळे सोडून मारायला. मला घाम फुटला होता. बॉल निसटला आणि तिच्या मुठींच्या अगदी जवळून आत गेला. तिनं वेडीवाकडी बॅट फिरवली. लागला नाही.

आणि मी टोपी काढली. कमरेतून वाकले. म्हणालेही, "सॉरी हं ताई."

अख्खं मैदान हसलं.

"ओ मुली," पंच ओरडले, "स्ट्राइक आहे तो! ती चुकली. माफी कशाची मागतेस?"

मी तशीच वाकलेली. वर पाहिलं तर निकहत तोंडावरची जाळी वर करून तरातरा माझ्याकडं येत होती.

"अवं पागल," ती कुजबुजली, "तू कोनत्या बॉलची माफी मागितली?"

"चुकलेल्या."

"कोन चुकलं?"

मी त्या डावखुऱ्या मुलीकडं पाहिलं. ती आपल्या मुठी चोळत होती.

"श्राऊ," निकहत म्हणाली, "बारा दिवस तू ज्या ज्या बॉलसाठी वाकली नं, त्यातला एकबी प्रांजूले लागला नव्हता. मी मागं बसून पाह्यलं हाये. आता माफीचेच बॉल टाक. सगळे. मी ग्लव्ह तिथंच धरते."

ती जाऊन बसली. डावखुरीला बाहेर हवा होता, मी पुन्हा आत टाकला. मग वर. ती आउट! सहावीला खाली हवा होता, तिला छातीशी दिला, तिसऱ्या बॉलला ती इतकी चिडली की बॅट आपटून गेली. सातवीनं कसाबसा लावला, तो उडून सरळ माझ्याच हातात. आठवी, नववी. जोर मी फारसा लावलाच नाही. जिला जे हवं ते ओळखायचं आणि नेमकं तेच द्यायचं नाही, बस. पाचच्या पाच आउट. प्रत्येक वेळी माझा उजवा हात टोपीकडं जायचा आणि मी तो खाली ओढायचे.

निवड समितीच्या बाईंनी मला बोलावून संमतीपत्र हातात दिलं. "सोमवारपर्यंत सही करून आण. पहिल्या चार वेळी काय झालं होतं गं?"

"मी ऐकत होते," मी म्हणाले. त्यांना काही कळलं नाही. मलाही नीट कळलं नव्हतं.

एवढ्यात माइकवर सूत्रसंचालक सुरू झाले. "या गुणी खेळाडूच्या यशामागं आहेत जपानचं मैदान गाजवून आलेले, शेकडो बॅटरना धूळ चारणारे स्टार पिचर, आपले निंभोरकर सर! सर, दोन शब्द."

सर गेले. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"मी जपानात एकही सामना खेळलो नाही," ते म्हणाले. "क्लबचे जे खरे खेळाडू असतात, त्यांना सरावासाठी बॉल टाकायला माणसं ठेवलेली असतात. मी ते काम करायचो. रोज सव्वाशे बॉल, बॅटर म्हणेल तिथं. बॅटरनं मारावेत म्हणूनच टाकायचे. ते काम मी चांगलं केलं. पण फलकावर लिहिलंय तसा मी नाही. आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. मध्यंतरी एका मुलीनं विचारलं. तिला खरं सांगून तुमच्यासमोर खोट्या टाळ्या घेणं मला जमत नाही."

माइक ठेवला आणि खाली उतरले. कोणी टाळी वाजवली नाही. मी बाबांकडं पाहिलं. त्यांचे मित्र बुटांकडं बघत होते. हेडसर मंडपाच्या मागं सरांना गाठून दबक्या आवाजात म्हणाले, "शाळेची शोभा केली तुम्ही. उद्यापासून येऊ नका." दबक्या आवाजात म्हणाले, पण मला ऐकू आलं. मी तिथंच होते. माझ्यामुळंच झालं होतं ना सगळं! एका पैजेसाठी.

परतीच्या बसमध्ये सर मागच्या सीटवर एकटे बसले होते. मी जाऊन शेजारी बसले.

"सर, सॉरी."

"टोपी नको काढू," सर म्हणाले, आणि चक्क हसले.

"सर, तुम्ही मला मुद्दाम शिकवलं नं हे? आधी ओळखायला, मग टाळायला?"

मला वाटलं ते हो म्हणतील. म्हणाले असते तर किती सोपं झालं असतं! सरांनी खिडकीची काच सरकवली.

"नाही गं. मला तेवढंच येतं, म्हणून तेवढंच शिकवलं." मग म्हणाले, "सातव्या वर्षी एकदा माझं डोकं फिरलं. क्लबचा सगळ्यात मोठा बॅटर समोर होता. त्याला कुठं हवा ते मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त माहीत. एकदा, फक्त एकदाच, मी त्याला नको तिथं तीन बॉल टाकले. तिन्ही चुकले त्याचे."

"मग आउट झाला की तो! मग एकही नाही कसं?"

"सरावात आउट नसतं, तायडे. मी टोपी काढली, वाकलो. दुसऱ्या दिवशी सामना होता, तो त्यात चाचपडत खेळला. महिन्याभरानं क्लबनं माझा करार पुढं वाढवला नाही. मला वाटलं, ते तीन बॉल ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. म्हणून तुझ्याकडून माफी मागून घेत होतो, तुझ्या हातून तसं होऊ नये म्हणून. आणि आज तू तेच टाकत होतीस आणि लोक टाळ्या वाजवत होते." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मलाच आता काही कळेनासं झालंय."

मलाही कळत नव्हतं. बस खड्ड्यांतून चालली होती आणि आम्ही दोघं तसेच बसून होतो, एकाच गोंधळात.

घरी गिरणी बंद होती. आई बाहेरच्या ओट्यावर उभी. बाबांनी आत जाऊन पाणीसुद्धा घेतलं नाही.

"फसवलं त्यानं," बाबा म्हणाले. "चार लोकांत मान खाली घालाले लावली. सामनाच खेळला नाही म्हने! अन् त्याच्या शब्दावर मी पोरगी पुण्याले पाठवून रायलो होतो."

"मी काय म्हनत होती?" आई म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं पाहून थांबली. "पन निवडली तर तिलेच नं? का तेबी खोटं?"

"निवडली." बाबा खुर्चीत बसले. माझ्या हातातल्या कागदाकडं बघत राहिले. मग आवाज जरा उतरला. "ते खरं हाये. पाच पोरी लागोपाठ आउट केल्या. म्या डोळ्यानं पाह्यलं." त्यांनी खिशातून पेन काढलं. "आन इकडं. सरचं काय घेऊन बसायचं. तिथं मोठे मोठे कोच हायेत, तू जा. तुही आई मानते आता."

आईनं मान हलवली. नाही म्हणाली नाही. हो म्हणायलाच निघाली होती, डोळे भरून आले होते तिचे. दोन महिने मी ज्याची वाट पाहत होते ते समोर होतं, पेनाचं टोपण उघडलेलं होतं.

आणि मला एकदम आठवलं, त्या पाच जणी मी कशा ओळखल्या ते मला पुन्हा करता येईल की नाही हे मला माहीत नव्हतं. उद्या कोणी विचारलं की कसं केलंस, तर सांगता येणार नव्हतं. निवड समितीच्या बाईंनाही ते ओळखता आलं नव्हतं. जगात एकाच माणसाला ते येत होतं, आणि त्याला वाटत होतं ती चूक आहे.

"बाबा, पेन ठेवा," मी म्हणाले. "यंदा मी पुण्याले जात नाही. दहावी इथूनच करीन. निंभोरकर सर शाळेत नसतीन तर मी शाळेकडून खेळणार नाही. उद्या सकाळी सहाला मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहते, आणि ते नाही म्हणाले तर परवाही उभी राहते. आणि आई, मला बॉल टाकायला समोर बॅट धरून कोणीतरी लागेल, तर गिरणी उघडायच्या आधी तू येशील."

"मी?" आई म्हणाली.

"हो, तू. काय पाहिजे ते सांगायची सवय कर."